सगुणाबाईसाहेबांनी गोधडी पुरी केली त्याची हकीकत

विघ्नहर्त्यास दंडवत, आणि सुईच्या नेढ्यातून दोरा पार करविणाऱ्या आदिमायेस दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे. राज्य म्हणावे तर तिसऱ्या मजल्यावरील तीन दालने आणि एक सज्जा. परंतु आब थोर. तेथे भास्करपंत आणि त्यांचे कुटुंब सगुणाबाईसाहेब, उभयता चाकरीतून मोकळी होऊन नांदत होती. पंतांस छायाचित्रांचा नाद. सज्ज्यात चिमणी उतरली तरी स्वारी कॅमेरा घेऊन पोटावर आडवी होत असे. बाईसाहेबांचे नाद तर विचारू नयेत. मातीची भांडी घडविली, ती भाजायची राहिली. वारली चित्र काढू घेतले, ते नाचाच्या अर्ध्या फेरावर थांबले. आणि स्वेटर विणला तो एका बाहीचा. प्रत्येक मोहिमेत आनंद अपार, पण गड काही हाती येईना. मग एके दिवशी थोरल्या जाऊबाई गोदाक्कासाहेब, ज्यांची जीभ मिरचीहून तिखट, त्या भर पंगतीत बोलिल्या, "धाकटीचं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या!" मंडळी हसली. बाईसाहेबही हसल्या. आणि त्यांनी मनाशी पण केला की, लेक रेवती पोटुशी आहे, तिच्या बाळाच्या बारशास माझ्या हातची गोधडी पाळण्यात अंथरेन, कडेपासून मध्यापर्यंत पुरी शिवलेली. नाही तर जन्मात पुन्हा सुई हाती धरणार नाही.

मग ट्रंका उघडल्या, आणि सासूबाईंचे जांभळे लुगडे निघाले, आणि रेवतीचे शाळेतले परकर निघाले, आणि धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले धोतर निघाले, आणि त्यांचे तुकडे जोडून बाईसाहेब कडेने धावदोरा घालीत फेरामागून फेर आत आणू लागल्या. काय तो हात! टाका पाहावा तर तांदळाच्या कणीएवढा, आणि ओळ पाहावी तर मुंग्यांनीही शिस्त शिकावी. गुडघा ठणके, डोळा पाझरे, पण बाई हटेना. पंत शेजारी बसून चित्रे टिपीत आणि म्हणत, "उजेड काय झकास पडलाय! जरा मान डावीकडे." बाई म्हणत, "मान हलली की टाका हलतो. गप्प बसा बघू." ऐसे सात मास गेले आणि दोघांस ते सणासारखे गेले.

नात जन्मली आणि बारशाचा दिवस उगवला, तो तीन फेर उरलेले! दुपारी बायका यावयाच्या. वेळ दवडू नये म्हणोन बाईसाहेब सकाळीच नवी हिरवी इरकली नेसल्या. ती साडी पंतांनी आयुष्यात प्रथमच एकट्याने दुकानी जाऊन पसंत केलेली, घडी मोडली ती त्याच दिवशी. गोधडी मांडीवर घेऊन त्या बसल्या त्या बसल्याच. घुगऱ्या शिजल्या, पाळणा सजला, बायका जमल्या, गोदाक्का पुढल्या खुर्चीत विराजमान जाहल्या. मग बाईसाहेबांनी मध्यावर शेवटचा टाका घातला, गाठ मारिली, दोरा दातांनी तोडिला आणि "झाली गं बाई!" म्हणोन उभ्या राहिल्या. तो गोधडीही त्यांच्याबरोबर उभी राहिली. मांडीवरची इरकली तिन्ही फेरांत पक्की शिवली गेली होती! घरभर हशा पिकला, बायकांनी पदर तोंडात कोंबिले, पंतांचा कॅमेरा कटाकट वाजू लागला, आणि बाईसाहेबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

गोदाक्का बोलिल्या, "उसव ते तीन फेर. सावकाश घाल पुढच्या महिन्यात. आज बाजारचं दुपटं अंथरू, त्यात काय एवढं!" सल्ला शहाणपणाचा होता. बाईसाहेबांनी एकवार इरकली पाहिली, एकवार गोधडी पाहिली, आणि बोलिल्या, "उसवायची नाही, अक्का. कात्री आणा."

"वेडी का काय! नवं कोरं रेशीम! भावोजी, सांगा की हिला!"

तेव्हा पंतांनी गळ्यातला कॅमेरा काढून तिपाईवर ठेविला, जमिनीवर गुडघे टेकले आणि साडी दोहों हातांनी ताणून धरिली. म्हणाले, "काप, सगुणा. मी दुसरी आणीन. आता मला दुकान ठाऊक झालंय." परंतु बाईसाहेबांनी कात्री दोनदा उघडली आणि दोनदा मिटली, सात मास न चुकलेला हात तो, नव्या रेशमावर चालेना. मग गोदाक्का खुर्चीवरून उठल्या. "दे इकडे. डोळ्यांत पाणी आणून कापतात होय? वाकडं जाईल!" ऐसे म्हणोन त्यांनी स्वहस्ते कात्री चालविली, गोधडीचा एक टाका न दुखविता. इरकलीचा वीतभर हिरवा तुकडा गोधडीच्या पाठीस तसाच राहिला, बायकांनी पदरांचा आडोसा केला आणि बाईसाहेब साडी बदलून आल्या. गोदाक्कांनी गोधडी उलटीसुलटी करोन पाहिली, कडेपासून मध्यापर्यंत बोट फिरविले, आणि बोलिल्या, "पुरी आहे हो." मग स्वतःच ती पाळण्यात अंथरिली. बाळास वर निजविले, आणि सर्वांदेखत बोलणे जड म्हणोन बाईसाहेबांच्या कानाशी लागल्या, "आईची दोन लुगडी पडून आहेत गं माझ्याकडे. मला बसेल का हात, या वयात?"

बाईसाहेब म्हणाल्या, "न बसायला काय झालं? उद्याच या. येताना साडी मात्र जुनी नेसा."

सारांश: गोधडी पुरी जाहली, नातीचे नाव ठेविले, दोन जावा एका सतरंजीवर बसू लागल्या. कात्री चालली त्या घटकेचे चित्र कोणापाशी नाही, टिपणाराचे हात गुंतले होते. सबब हे लिहून ठेविले.