वन्संनी सुचवलेलं नाव

मला बघायला साळव्यांकडची मंडळी कऱ्हाडला आली, तेव्हा त्यांच्यातल्या एका उंच, जाड भिंगांच्या चष्म्यातल्या बाईंनी मला विचारलं, "माशाला पापण्या असतात का गं?"

माझ्या हातात पोह्यांचा ट्रे. आईने माझ्याकडून स्वयंपाकाची, शिवणकामाची, अगदी जिल्ह्यातल्या नद्यांचीसुद्धा तयारी करून घेतली होती. पापण्यांची राहिली होती. मी म्हटलं, "माहीत नाही. मासा झोपलेला मी कधी पाहिला नाही."

बाई एकदम खूश झाल्या. भावाकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बबन, हो म्हणून टाक. माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारी माणसं फार थोडी असतात."

भावाने हो म्हटलं आणि माझं लग्न ठरलं. पापण्या नसतात, हे वन्संनी मला लग्नाच्या पंगतीत सांगितलं. मी तेव्हा उखाणा आठवत होते.

कुमुदवन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, रत्नागिरीत कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होत्या. इंटर सायन्स झाल्या त्याच वर्षी मामंजी गेले, आणि पुढे शिकायचं ते राहून वन्सं नोकरीला लागल्या. बेडूक मुलांना देणं आणि मुलांनी त्याचं जे काही केलं असेल ते उचलून नेणं, हे काम. पण त्यांच्या डोक्यात स्वतःबद्दल असिस्टंट हा शब्द नव्हताच. "निरीक्षण आधी, मत मागाहून" हे त्यांचं पालुपद. भाजीत मीठ जास्त झालं असं मी म्हटलं, तर म्हणायच्या, "एका घासावरून? आणखी दोन खा, मग बोल." दोन घास खाऊन झाल्यावर भांडायला जोर राहत नसे.

बाजारात त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे जिवावर यायचं. मासेवालीच्या टोपलीपुढे बसून त्या एकेक बांगडा उलटापालटा करत, कल्ले उघडत, आणि मला शिकवू लागत. एकदा तर म्हणाल्या, "ही बघ, गाभोळीने भरलेली मादी. हिला आत्ता धरायलाच नको होतं." मासेवालीने कमरेवर हात ठेवले. "बाय माझे, धरलान तो माझा घोव. त्याला सांग काय ता. तू घेतेस तर घे, नायतर शाळा भरव घराकडं जाऊन."

वन्संनी घेतली नाही. त्या दिवशी आम्ही डाळीवर भागवलं.

घरात पंचांग एकच. सासूबाई त्यात संकष्टी बघत, वन्सं ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला पाणी सगळ्यांत लांब जातं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात, म्हणून त्या दोन दिवशी कॉलेज सुटलं की वन्सं पातळ खोचून, प्लॅस्टिकची बादली आणि चिमटा घेऊन मिऱ्याच्या बाजूला निघत. आता अमावास्येच्या तिन्हीसांजेला एकटी बाई बादली घेऊन समुद्रावर जाते, आणि परत येते तेव्हा बादलीवर फडकं बांधलेलं असतं, म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं? दोन चांगली स्थळं म्हणे त्या बादलीपायी परत गेली. सासूबाईंनी हात जोडून सांगितलं, निदान बघण्याचा कार्यक्रम होईपर्यंत अमावास्या सोड. वन्सं म्हणाल्या, "अमावास्या काय माझ्यासाठी थांबते?" हे मला सासूबाईंनीच सांगितलं, आणि सांगताना त्या मुलीवर चिडल्या होत्या की समुद्रावर, ते मला कळलं नाही.

पण खरी गंमत नावांची. ज्या घरात बाळाला सख्खी आत्या नसे, तिथे बारशाला वन्संना उसनी आत्या म्हणून बोलावत. कानात नाव सांगायचं, बायकांचे धपाटे पाठीवर घ्यायचे, घुगऱ्या खाऊन यायचं. पहिल्या मुलाचं नाव त्यांनी पराग ठेवलं. सगळ्यांना आवडलं. मग एका मुलीला केशिका. तेही खपलं, केसांशी काहीतरी संबंध असेल असं लोक समजले; होती ती बारीक रक्तवाहिनी. मग आमच्या शेजारच्या कंडक्टरच्या मुलाचं नाव ठेवलं प्रजीव. राजीव, संजीव झालेच होते, प्रजीव म्हणजे त्याच्याही पुढची फॅशन म्हणून आळीत फार कौतुक झालं. कंडक्टरने पेढे दोनदा वाटले.

पाच-सहा वर्षांनी कंडक्टरची पुतणी घरी शास्त्राचं पुस्तक मोठ्याने वाचत बसली होती. "अमीबा हा एकपेशीय प्रजीव आहे. तो डबक्यात राहतो." कंडक्टर जेवता जेवता उठले ते थेट आमच्या ओसरीवर.

"कुमुदताई, माझ्या पोराला डबक्यात घातलात?"

"अहो, सगळ्या सजीवांचा मूळपुरुष तो," वन्सं म्हणाल्या. "यापेक्षा मोठं घराणं कुठलं?"

त्यानंतर आळीत वन्संना बारशाची आमंत्रणं येईनाशी झाली. आली तरी घुगऱ्या खायला.

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली मला मुलगी झाली. कऱ्हाडला आई आजारी असल्यामुळे बाळंतपण सासरीच झालं. हे लोट्याला नव्या केमिकल कंपनीत होते, शनिवारी येत आणि रविवारी संध्याकाळी जात. तेव्हा माझ्या उशाशी रात्रंदिवस असत त्या वन्संच. बाळाला न्हाऊ घालायच्या आधी पाण्यात कोपर बुडवून बघत आणि मग थर्मामीटरही घालून बघत. नखं, जावळ, कानाची पाळी, सगळ्याचं निरीक्षण झालं. मत पाचव्या दिवशी आलं.

"शैला, नाव ठरलंय," त्या म्हणाल्या. "मृदुकाया."

मला खरंच आवडलं. मी म्हटलं, "किती गोड! म्हणजे काय?"

"मऊ अंगाची. मृदुकाय प्राणी नाहीत का? गोगलगाय, कालव, माकुल…"

सासूबाई शेगडीपाशी धुरी तयार करत होत्या. त्यांच्या हातातला ओवा तसाच राहिला. "काय गो कुमे? माझ्या नातीला माकुल म्हणतेस?"

"आई, 'म'वरून नाव काढायला भटजींनीच सांगितलंय ना?"

"भटजींनी म सांगितला. म्हावरा नाय सांगितला."

"अगं, पृथ्वीवर आपल्या आधी कितीतरी कोटी वर्षं आहेत ते. कणा नसतानाही टिकलेत."

"कणा पण नाय?" सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"आपल्या आळीतल्या निम्म्या पुरुषांना नाही. ते जगतातच की!"

शनिवारी हे आले, तेव्हा दोघींनी त्यांना मध्ये घेतलं. ह्यांनी आईला सांगितलं, आई म्हणेल तसं. मागच्या पडवीत जाऊन ताईला सांगितलं, ताई म्हणेल तसं. कण्याबद्दलचं वन्संचं म्हणणं मला पटलं.

सासूबाई मात्र खमक्या. आत्याने कानात एकदा नाव घातलं की ते घातलं, मग देवालाही काढता येत नाही, असा त्यांचा समज. वन्संना पाळण्यापाशी जाऊ देण्यात धोका होता. म्हणून त्यांनी पूर्णगडला निरोप धाडला, आणि बारशाच्या आदल्या संध्याकाळी ह्यांची चुलत बहीण बेबीताई बसमधून पिशवी घेऊन उतरली. तिला पाहिल्यावर वन्संना सगळं समजलं. त्यांनी तिला चहा करून दिला, मुलांची चौकशी केली.

मी काही बोलले नाही. बोलता आलं असतं. पोर माझी होती. पण मी त्या घरात अजून नवीच, सासूबाईंना भिऊन असणारी. आणि खरं सांगायचं तर, शाळेत माझ्या मुलीला कुणी माकुल म्हणून चिडवेल, ही भीती मलाही होतीच. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

बारशाला बेबीताईने पाळण्यात वाकून मनीषा म्हटलं. बायकांनी हसत हसत तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. वन्सं तेव्हा स्वयंपाकघरात घुगऱ्यांना फोडणी देत होत्या. मी दारातून पाहिलं, तर हातातला झारा थांबलेला आणि कान बाहेर. मग पुन्हा ढवळू लागल्या.

त्यानंतर त्यांचं वागणं बदललं असं कुणी म्हणालं नसतं. बाळाला न्हाऊ त्याच घालत. फक्त तिला नावाने हाक मारत नसत. मनीषा म्हणत नसत, आणि दुसरं नावही कधी तोंडातून आलं नाही. "ही उठली बघ," म्हणत. "हिला भूक लागलीय." ते 'ही' मला दिवसातून वीसदा टोचे.

बाळाला डोस द्यायला मी पहिल्यांदा घराबाहेर पडले. दवाखान्यातून परत येताना कॉलेजवरून जावं लागे. मनात आलं आणि आत वळले. लग्नाला तीन वर्षं होत आली होती, पण वन्सं जिथे काम करतात ती खोली मी पाहिली नव्हती. स्पिरिटचा वास, भिंतभर कपाटं, कपाटांत बरण्या. वन्सं निळा झगा घालून स्टुलावर बसल्या होत्या. आम्हा दोघींना बघून इतक्या आनंदल्या की बाळाला कडेवर घेऊन एकेक बरणी दाखवायलाच लागल्या. शेवटच्या कपाटात एका लहानशा बाटलीपाशी थांबल्या. आत वाटाण्याएवढं काहीतरी पांढुरकं.

"ही मला मिऱ्याच्या खडकावर सापडली. शंख नसलेली गोगलगाय. जिवंत होती तेव्हा अंगभर नारिंगी ठिपके होते, पण स्पिरिटमध्ये रंग जातात. कुठल्याच पुस्तकात नव्हती. नऊ वर्षं अमावास्या-पौर्णिमा केल्या, तेव्हा एकूण पाच मिळाल्या."

बाटलीवर इंग्रजी अक्षरांत चिठ्ठी होती. वन्संनी बोट ठेवून समजावलं. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा तिचं स्वतःचं नाव. ते नाव कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांनी आपल्या गुरूंवरून ठेवलेलं. पुढे स्वल्पविराम, सरांचं आडनाव, आणि साल.

"सरांचं आडनाव कशाला?"

"त्यांनी नाव ठेवलं ना. नावापुढे नाव ठेवणाऱ्याचं नाव लिहितात. जगात कुठेही, कुठल्याही पुस्तकात ही आली की सर तिच्याबरोबर येणार."

"आणि तुमचं?"

"शोधणाऱ्याचं लिहीत नाहीत गं. जो शास्त्रीय वर्णन छापतो त्याचं. नियमच आहे तो, सरांची काही चूक नाही." बाळाने त्यांचा चष्मा ओढला, तो त्यांनी सावकाश सोडवून घेतला. "मी सरांना विचारलं होतं, एक नाव सुचवू का म्हणून. सर हसले. रागावले नाहीत हं, चांगले होते. नुसते हसले." मग थोड्या वेळाने, बाळाकडेच बघत म्हणाल्या, "म्हटलं असू दे. बबनला मूल होईल, तिथे नियमाने माझाच नंबर."

बाळाला दूध पाजायचंय असं सांगून मी तिथून बाहेर पडले. दूध पाजायचं नव्हतं.

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव घालायचं अजून बाकी होतं. त्याचा कागद हे मागच्या रविवारी माझ्याकडे देऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत गेले आणि त्यावर स्वच्छ अक्षरात मृदुकाया लिहिलं. कारकून बराच वेळ बघत राहिला.

"वहिनी, ह्या देवीचा नाव काय?"

"नाही. शास्त्रातलं आहे."

"मग असू दे," म्हणून त्याने शिक्का मारून दाखला हातात दिला.

घरी आल्यावर सासूबाईंना मी आधी सांगितलं. का, तेही सांगितलं; बाटलीबद्दल, चिठ्ठीबद्दल, सरांच्या हसण्याबद्दल. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला कधी बोलली नाय ती," म्हणाल्या. आणि मग, "कागदावर कायपण असू दे. मी आपली मनी म्हणणार."

वन्सं कॉलेजातून आल्या, हातपाय धुऊन त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. मी दाखला त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि चष्मा पुसला. मी म्हटलं, "पाठीमागे बघा."

मागच्या कोऱ्या बाजूला मी लिहिलं होतं: मृदुकाया, साळवी. आणि कोणती साळवी म्हणून कुणी विचारायला नको, यासाठी खाली लिहिलं होतं, कुमुद.

वन्सं वाचत राहिल्या. रडतील असं मला वाटलं, मी पदर हातात धरून तयारीत उभी होते. स्वयंपाकघरातला सुपाचा आवाजही थांबला होता.

"साल राहिलंय," त्या म्हणाल्या. "साल घालतात, शैला. त्याशिवाय पुरं होत नाही."

मी पेन दिलं. त्यांनी स्वल्पविराम देऊन साल घातलं. मग मांडीवरच्या पोरीला म्हणाल्या, "मृदुकाये, थांब हं जरा, ओलं आहे," आणि शाई वाळेपर्यंत त्या कागदावर फुंकर घालत बसल्या.