सात इंच गोधडी गायब

गुप्तहेर म्हणून आपली कीर्ती दूरवर पसरली आहे, असं मामा स्वतःच सांगायचा. ती नेमकी किती दूर गेली ते कळलं नाही. घरात तरी पोचली नव्हती. "गरुडाची नजर, बर्फाचं डोकं, मांजराची पावलं!" एवढं बोलून तो मावशीच्या शिवणखोलीत शिरला आणि टाचण्यांच्या डबीवर पाय देऊन किंचाळला.

भाची त्याची सहायक. पगार नाही, सुट्टी नाही, फक्त "लिहून घे" हा हुकूम.

प्रकरण गंभीर होतं. मावशीची ही पहिली मोठी ऑर्डर. महिनाभर खपून तिने गोधडी कॉम्प्युटरवर रचली होती: सहा इंची चौकोन, उभे चौदा, आडवे बारा. लांबी चौऱ्याऐंशी इंच. आज शेवटची शिवण घालून टेप लावला, तर सत्त्याहत्तर! रुंदीही आखडलेली. पाच वाजता गिऱ्हाईकबाई येणार, आणि त्यांचा नवरा ताडमाड उंच.

"ऑर्डर गेली तर हा कॉम्प्युटर खिडकीतून फेकीन," मावशी म्हणाली, "आणि त्याच्या पाठोपाठ तुला."

मामाने भिंग काढलं. "फक्त सातच इंच चोरले. चोर हावरट नाही. लिहून घे."

पहिला संशय मांजरीवर.

"पण कडा शाबूत आहेत, मामा."

"शिकलेली मांजर आहे."

दुसरा संशय धुलाईवर. पण गोधडीला अजून पाणीच लागलं नव्हतं. "म्हणजे न भिजता आटली! असं कापड फार बेरकी असतं." तिसरा संशय शेजारच्या शिंपीकाकांवर. कॉम्प्युटरवर जळतात, म्हणून वायरीतून आत शिरून त्यांनी इंचच आखूड केले!

"काकांना अजून मोबाइल उचलता येत नाही."

"तोच तर त्यांचा बनाव!"

मामाने काकांना हाताला धरून चौकशीसाठी आणलं. काकांनी भिंगाकडे ढुंकूनही न पाहता एका चौकोनाला पट्टी लावली. "साडेपाच. कापला किती होता?"

"सहा. छापलेला कागद ठेवून," मावशी म्हणाली.

"आणि शिवणीत जाणारं कापड? चारी बाजूंनी पाव इंच माया सोडायची असते, बाई. तुकड्यामागे अर्धा इंच गेला. चौदा तुकडे, सात इंच. मिटलं."

"अहो, पण प्रोग्रॅम ती माया आपणहून धरतो!"

भाचीने कॉम्प्युटर उघडला. 'छापताना माया धरा' या ओळीपुढची खूण गायब होती. "ही कुणी काढली?"

मामा भिंगातून छत बघू लागला. "त्या दिवशी प्रत्येक चौकोनाला दोन-दोन रेघा दिसत होत्या, ताई. गचाळ वाटलं. म्हटलं, जरा नीटनेटकं करून द्यावं..."

ओरडायलाही वेळ नव्हता. "चारी बाजूंनी साडेतीन इंचांचा काठ लावू," काका म्हणाले आणि मशीनवर बसले. मावशी निळं कापड कापू लागली, भाची टाचण्या लावू लागली. मामाला गप्प बसायचं काम दिलं. तेही त्याला जमेना.

पाचला घंटा वाजली. गिऱ्हाईकबाई दातांच्या डॉक्टर, थेट दवाखान्यातून आलेल्या. त्यांनी गोधडी पसरली. "हा काठ चित्रात नव्हता."

मावशीने आधी मामाकडे, मग खिडकीकडे पाहिलं.

"पण यानेच तर उठाव आलाय! अशीच अजून एक द्या मला. कुणाची कल्पना ही?"

मामा छाती फुगवून पुढे झाला आणि त्याने तोंड उघडलं.

बाईंनी सवयीने आत डोकावलं. "खालची दाढ पार किडलीय," त्या म्हणाल्या. "किती दिवस लपवून ठेवलीत?"