खलनायकाचे वकील

आमच्या भोकरदनला कुठलंही नाटक झालं की पडदा पडल्यावर दत्तोपंत वकील रंगपटात शिरत आणि खलनायकाचं वकीलपत्र घेत. "मुल्जिमचं म्हणणं काय?" हा त्यांचा पहिला सवाल; मुल्जिम म्हणजे आरोपी. निजामाच्या अमदानीत ते उर्दूतून वकिली शिकलेले. राज्य गेलं, सवाल राहिला. माझ्या खलनायकांना पुढे जी काही अक्कल आली, ती या माणसाची. बावळटपणा उरला तो माझा.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि, माझ्या मते, नाटककार. माझ्या नाटकातला थोरला भाऊ धाकट्याला घराबाहेर काढतो आणि खदाखदा हसतो. हे मी दत्तोपंतांना त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं.

"मास्तर, हा येडा हाये का?"

"दुष्ट आहे."

"मंग आपला बेत एकटाच मोठ्यानं कशापायी बोलून राह्यला? आन् हसतो कशाला?"

"दुष्ट आहे म्हणून."

"बिलकुल नामंजूर."

मी चिडलो. "तर तुम्हीच सांगा त्याचं म्हणणं."

हे बोलायला नको होतं. त्यांचे थोरले भाऊ, हसनाबादचे रामभाऊ, वाटणी झाल्यापासून त्यांच्याशी बोलत नव्हते. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. बोलताना आठवलं नाही ते फक्त मला.

दत्तोपंतांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग हळूहळू सांगत गेले, मी लिहीत गेलो: "तू शाळेत गेलास तवा नांगर मी धरला. तू पास झालास, गावानं तुला हार घातले. घरी आलास, बैलांच्या पाठीवरून हात फिरवलास. माझ्याकडं बघितलं सुदिक न्हाईस."

"आणि हसणं?" मी विचारलं.

"काढून टाका. असला माणूस हसत न्हाई."

प्रयोगाचा निरोप त्यांनी हसनाबादला धाडला. पहिल्या अंकभर ते रंगमंचाकडे पाठ करून वाटेकडे बघत होते. दुसऱ्या अंकात रामभाऊ बैलगाडीतून उतरले आणि मागेच उभे राहिले. ते भाषण झालं.

नाटक संपल्यावर रामभाऊ पुढे येताना दिसले. लेखकाचं कौतुक करायला येताहेत असं वाटून मी नमस्काराला हात जोडून ठेवले. ते मला ओलांडून गेले.

"दत्ता, हे तुला ठावं होतं?"

"उशिरा कळलं, दादा."

रामभाऊंनी पटका काढून हातात घेतला. "सरक जरा," म्हणाले, आणि सतरंजीवर दत्तोपंतांच्या शेजारी बसले.