तीन ठिपके

एक्याऐंशी साली हुमनाबादच्या जत्रेत जुन्या मोटारसायकलींची शर्यत ठरली आणि नियम लिहायचं काम निवृत्त हेडमास्तर नरहररावांकडे गेलं. गेलं नसतं तरी त्यांनी ते ओढून आणलंच असतं. फुलस्केपच्या दोन्ही बाजूंवर त्यांनी एकवीस नियम लिहिले. गाडी पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या आधीची हवी, हा पहिला. सतरावा मात्र लाल शाईने लिहिला : 'गाडीचा प्रत्येक भाग मूळ विलायती असावा. नक्कल आढळल्यास गाडी बाद.'

या सतराव्याने नागप्पाची झोप उडवली. हायवेला त्याचं लेथचं छोटं दुकान होतं. भंगारात मिळालेली एक विलायती गाडी त्याने सात वर्षं खपून उभी केली होती. जो भाग मिळेना, तो स्वतः घडवला होता. त्यातच संतपूरहून त्याचे सासरे पिराजी शर्यत बघायला आलेले. जावयाने मेंढरं सोडून लोखंड कुरतडायला घेतलं, हा राग त्यांनी बारा वर्षं मेंढरांइतकाच निगुतीने जपला होता. निदान एकदा त्यांच्यासमोर गाडी पळावी, एवढंच नागप्पाला हवं होतं.

शर्यतीच्या सकाळी तो माळावर नरहररावांपुढे जाऊन उभा राहिला. "सर, मला कामून बाद करायलाव? तुटलेला भाग विलायतेहून कोण आणून देणार?"

"मी न्हाई का मागवत? माझ्या गाडीचा एकेक भाग हैदराबादच्या दुकानातून येतो. वाट बघावी लागते, पण वस्तू अस्सल मिळते."

"पर नकली भाग वळकायचा कसा?" ईरण्णाने विचारलं. ईरण्णा हैदराबादच्या बसवरचा कंडक्टर. आज तो पंच म्हणून बसलेल्या नरहररावांच्या मदतीला होता.

हा प्रश्न एकवीस नियमांत कुठेच नव्हता. नरहरराव कागद उलटसुलट करू लागले. त्यांची ही फजिती नागप्पालाच बघवेना. शाळेत तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

"सर, सोप्पं हाय. माझ्या हरेक भागावर मी लोखंडी पंचनं तीन ठिपके ठोकतो. मल्लण्णा देवाच्या भंडाऱ्याची तीन बोटं म्हणून. ठिपके दिसले की माल माझा."

"अण्णा, आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायलास की!" ईरण्णाने कपाळाला हात लावला.

नरहररावांनी भिंग काढलं. नागप्पाच्या गाडीवर अकरा ठिकाणी ठिपके निघाले. बाद. बाकीच्या चार गाड्याही नागप्पाकडेच दुरुस्त होत. त्याही बाद. बाजूला घोंगडीवर बसलेल्या पिराजींनी जावयाला विचारलं, "पळायच्या आधीच बसले व्हय रे सगळे?"

 शर्यतीत आता खुद्द नरहररावांचीच गाडी उरली होती.

"पहिला नंबर तुमचाच, सर," ईरण्णा म्हणाला. "फकस्त नियम म्हणून तुमची गाडी बी बघून घेतो."

"बघ की! हे घे भिंग."

ईरण्णा वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. "सर, किकवर हायत." मग जरा हळू आवाजात, "ब्रेकवर बी हायत." मोजदाद चौदावर थांबली.

"शक्यच न्हाई! पेट्यांवर विलायती चिठ्ठ्या होत्या. तूच तर बसमधून आणून दिल्यास!"

"आणलो की. पर नागप्पाच्या मालाची पेटी बी दर महिन्याला मीच नेतो, सर. त्याच दुकानात."

"त्ये लोक कुणाला इकतात, मला काय म्हाईत?" नागप्पा घाबरून म्हणाला.

नरहररावांच्या घरापासून नागप्पाचं दुकान चालत चार मिनिटांवर. तेवढं अंतर कापायला त्या भागांना हैदराबादचा वळसा पडला होता.

नरहररावांनी भिंग घेऊन स्वतः मोजलं. त्यांना वाईट वाटलं, मनापासून वाटलं. पण माणूस न्यायाचा. "मीही बाद," ते मोठ्याने म्हणाले. आता शर्यतीला गाडीच उरली नाही आणि जमलेले लोक ओरडायला लागले. शेवटी नरहररावांनी सतरावा नियम खोडला आणि त्याच लाल शाईने नवा लिहिला : 'गाडीच्या किमान एका भागावर तीन ठिपके असलेच पाहिजेत.' लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात अफजलपूरचा गुरप्पा येऊन पोहोचला. त्याच्या गाडीत तोंड बघून भांग पाडावा अशी चकाकी. "आज्यानं आणलेली गाडी हाय. एक स्क्रू बदलला न्हाई," तो छाती काढून म्हणाला.

भिंग घेऊन नरहरराव गाडीभोवती तीनदा फिरले. "ठिपके कुठं आहेत?"

"कसले ठिपके? अहो, सगळं ओरिजिनल हाय!"

"तोच तर घोटाळा आहे. बाद!"

"गप ऱ्हा," ईरण्णा नागप्पाच्या कानाशी लागला. "ही गाडी पळाली तर तुझा नंबर गेला."

नागप्पाने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. बाद होणं काय असतं, ते सकाळपासून त्याने पोटभर चाखलं होतं. त्याने खिशातून एक नट काढला आणि गुरप्पाच्या मडगार्डचा जुना नट काढून तिथे बसवला. "बघा सर. आता हायत ठिपके."

शर्यत झाली. गुरप्पा पहिला आला, हातभर अंतराने नागप्पा दुसरा. नरहरराव सगळ्यांच्या मागून आले, पण लोकांना हात हलवत आले. नागप्पाला मात्र सासऱ्यांकडे बघायचा धीर होईना. पिराजी उठले, एकेका गाडीपाशी गेले, वाकून बोटाने ठिपके चाचपत राहिले. 

संध्याकाळी नागप्पा त्यांना बसवर सोडायला गेला. आत संतपूरचंच कोणीतरी भेटलं. "काय अप्पा, जावई कितवा आला?"

पिराजींनी घोंगडी खांद्यावर सारखी केली आणि साऱ्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं, "पहिला बी आमचाच, दुसरा बी आमचाच. अन् त्यो शेवटचा मास्तर हाय न्हवं, त्यो तर सगळ्यात जास्त आमचा."