प्रांजलीचा रेणू आणि सत्काराचा नारळ

माझ्या मुलीचं संशोधन अख्ख्या कुंभार पिंपळगावात मला एकट्याला कळतं! प्रांजली जर्मनीत हेलियमचा इवलासा थेंब करते. थंड इतका, की आपली पौषातली पहाट त्यापुढं भट्टी! त्या थेंबात ती एक रेणू बसवते, वरून इलेक्ट्रॉनचा मारा करते आणि रेणूचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होताना तो फुटतो की थंडीनं शाबूत राहतो, ते बघते.

पण आमचा शेजारी बद्रीनाथ पारावर सांगत सुटला, "राधाकिसनची पोरगी परदेशात फुगे भरून राह्यली!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुट्टीवर आलेल्या लेकीचा शाळेत सत्कार होता. ठरवलं, गावासमोर प्रयोग करून याचं तोंड बंद करायचं!

सत्काराचा नारळ बादलीभर पाण्यात बुडवून उषाबाईंच्या रसवंतीतल्या डीप फ्रिजरमध्ये गोठवला. बर्फ म्हणजे हेलियम, नारळ म्हणजे रेणू. स्टेजवर तो गोळा ठेवून मी हातोडा उचलला.

"बाबा, थांबा! रेणू काही दरवेळी..." प्रांजली ओरडली.

"तू बस! मला समदं पाठ हाय. मंडळी, बर्फ फुटंल, नारळ शाबूत राहील!"

हाणला! बर्फ उकलला आणि आत नारळाची दोन शकलं!

आमच्याकडे नारळ फुटला की कशाचं तरी उद्घाटन झालंच. कचरूनं लगेच हलगी कडाडवली.

"कशाचं झालं हो?" मागून कुणीतरी विचारलं.

"प्रांजलीच्या ग्यास कारखान्याचं!" पुढच्या रांगेतून एकानं ठोकून दिलं.

टाळ्यांचा कडकडाट! उषाबाई थेट स्टेजवर. "भाऊ, माझ्या वंदनाला हापिसात लावा!" मी घसा फोडून सांगतोय, "अहो, रेणू हाय हा!" तोवर लोकांनी प्रसाद म्हणून रेणू खाल्लासुद्धा.

प्रांजली हसून हसून खाली बसली. "बाबा, बराबर दाखवलं तुम्ही! मार बसतो हेलियमला, अन् लय वेळा फुटतो आतला रेणू!"

शिकलेली लेक बापाला बरोबर म्हणते! छाती शर्टात मावेना.

तेवढ्यात बद्रीनाथ हात जोडून पुढं आला. "राधाकिसनभाऊ, फुगे म्हन्लो, चुकलं माझं. आमच्या पप्पूला कारखान्यात वॉचमन तरी लावा."

खरं सांगितलं, तर उद्या पारावर पुन्हा फुगे! लेकीच्या सत्काराची शाल मी स्वतःच्या खांद्यावर घेऊन नीट केली.

"बघू," म्हणालो. "दिवसपाळी पाहिजे का रातपाळी?"