विठोजीरावांचा गेमिंग कॉम्प्युटर

आमचे घरमालक विठोजीराव बाहेरून आले की स्वतःच्याच घराची बेल वाजवतात. घरात कुणी नसतं. लग्न केलेलं नाही, कुत्रं पाळलेलं नाही, कामवाली सकाळीच येऊन गेलेली असते. तरी ते बेल वाजवतात, पायरीवर जरा वेळ उभे राहतात आणि मग कुलूप काढतात. म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरमात त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहायला आलो, त्याच आठवड्यात मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, आत चोर असला तर त्याला मागच्या दारानं जायला वेळ मिळावा.

"आपण एकदम आत गेलो की तो भिणार, शैलाबाई. भ्यालेला माणूस काय पण करतो. मला ठाऊक हाय ना, मी भ्यालेलाच असतो."

विठोजीरावांचे पूर्वज कधी काळी कापड रंगवायला म्हैसुरात आले. रंगाचा धंदा गेला, मराठी राहिली. पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की मला, नाशिककडच्या बाईला, सुरुवातीला अर्धंच कळायचं. थोडं म्हणायचं असलं की ते 'स्वल्प' म्हणतात. स्वल्प थांबा. स्वल्प बघा. आणि सगळ्यात जास्त वेळा, "स्वल्प भ्यावं." हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते लिफ्टला भितात, कुकरच्या शिट्टीला भितात, आणि सेल्समनला तर इतके भितात की निवृत्त झाल्यावर एका सेल्समनला नको म्हणायचा धीर झाला नाही म्हणून त्यांनी चक्क मोटार घेतली. ती पोर्चमध्ये उभी. लायसन्स आहे, तरुणपणी कधीतरी काढलेलं. रोज सकाळी ते आत बसतात, इंजिन सुरू करतात, बंद करतात आणि रस्त्यावरून सुखरूप परत आल्यासारखे उतरतात.

असा माणूस एक दिवस जिना चढून वर आला आणि म्हणाला, मला गेमिंग कॉम्प्युटर जोडायचाय, मदत करा. मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्या पर्समध्ये कंगवा नसला तरी स्क्रूड्रायव्हर असतो, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, या वयात गेम? ते खाली बसले. मग त्यांनी सांगितलं.

त्यांची थोरली बहीण यमुनाक्का एच. डी. कोट्याला, म्हैसूरजवळच्या तालुक्याच्या गावी, राहते. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच यांना वाढवलं. आता तिला कॅन्सर. दर तीन आठवड्यांनी औषध चढवायला म्हैसूरला यावं लागतं आणि त्याच दिवशी परत जावं लागतं, कारण घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे. बसची गर्दी झेपेना म्हणून टॅक्सी केली. परतताना गाडीत उलटी झाली. टॅक्सीवाल्यानं तिला रस्त्यात उतरवलं आणि तिच्याच पदरानं सीट पुसायला लावली. घरी पोचल्यावर तिनं भावाला फोन केला. आता बेडा, म्हणाली. नको आता. मी येणार नाही.

"तिला परक्याची गाडी नको, परका डायवर पण नको," विठोजीराव म्हणाले. "माझी हाय. पण मी चालवायला भितो."

मला चारचाकी येत नाही. ड्रायव्हिंग स्कूलचं मी सुचवलं, तर ते तिथंही जाऊन आले होते. शिकवणारा ओरडला तेव्हा हे दुसऱ्या सिग्नलला दार उघडून उतरले आणि चालत घरी आले. मग न्हाव्याच्या दुकानात कुणाच्या तरी फोनवर त्यांनी बघितलं, की एक माणूस कॉम्प्युटरवर बस चालवतोय, समोर आपल्यासारखेच रस्ते, खड्डे, गायी. धडकलं तरी कुणी मरत नाही. तिथंच त्यांनी ठरवलं. तयार कॉम्प्युटरची किंमत ऐकून मात्र दुकानातच त्यांना घाम फुटला.

म्हणून जोडायचा. कुठला भाग नवा घ्यायचा आणि कुठला जुना, याचे त्यांचे नियम होते. माझ्या मते ते उलटे होते. जुना भाग बरा, का, तर जळायचा असता तर आत्तापर्यंत जळाला असता. नव्याचं काय सांगावं. फक्त पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज आत घेणारा डबा, तेवढा नवा, पेटीबंद, पावतीसकट. आणि गेम साठवायची डिस्क नवी, कारण दुसऱ्याच्या डिस्कवर त्याचं काय काय असेल. बाकीसाठी आम्ही लष्कर मोहल्ल्यात एका जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. बंद पडलेल्या कुठल्याशा कचेरीचे कॉम्प्युटर तिथं थप्पीनं रचलेले होते. त्यातला एक घेतला, प्रोसेसर आणि मेमरीसकट. पेडलवालं एक जुनं स्टिअरिंग मिळालं. खेळातली चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्ड निवडताना मात्र विठोजीरावांनी मुलगी बघायला आल्यासारखी चौकशी केली. आधी कुणाकडं होतं? का सोडलं? कधी आजारी? दुकानदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, आधीच्या मालकानं आभासी नाणी मिळवायला हे रात्रंदिवस तापवलंय. मी परत ठेवणार होते. विठोजीराव म्हणाले, "म्हंजे बिचाऱ्याला तापाची सवय हाय," आणि घेतलं.

जोडायच्या आदल्या दिवशी ते जिन्यात घुटमळत उभे होते. अंगातल्या विजेनं आतले भाग मरतात असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. "गैरसमज करून घेऊ नका, शैलाबाई. उद्या स्वल्प सुती साडी नेसून या. कापडाचं मला कळतं. नायलॉन म्हंजे नुसती वीज." मी सुती नेसून गेले. दर स्क्रूआधी ते खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचे, मग मला लावायला सांगायचे. देवळातल्या घंटेला लागले नसतील इतके हात त्या गजाला लागले.

पण नव्या पॉवर सप्लायचा प्लग जुन्या कॉम्प्युटरच्या आतल्या बोर्डात बसेना. कचेरीतला बोर्ड फक्त आपल्या घराण्यातल्या प्लगशीच सोयरीक करणारा निघाला. मध्ये जोडायची एक छोटी वायर मागवावी लागली आणि ती यायला वेळ लागला. त्या दिवसांत यमुनाक्कांची औषधाची एक खेप चुकली. डॉक्टरांनी फोनवर विठोजीरावांना सांगितलं, पुढची चुकली तर आधीच्या सगळ्या पाण्यात गेल्या समजा. त्या दिवशी त्यांनी बेल न वाजवता कुलूप उघडलं. मला ते अजिबात आवडलं नाही.

वायर आली. जोडली. विठोजीराव मेन स्विचपाशी छत्रीचा लाकडी दांडा घेऊन उभे राहिले, काही झालं तर स्विच खाली पाडायला. मी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. शांत. ते म्हणाले, "आयितु, संपलं, बरं झालं," आणि त्यांचा चेहरा खरंच सुटल्यासारखा झाला. मग तो लगेच पुन्हा आवळला, कारण त्यांना बहीण आठवली असणार. मी सगळं उकललं, मेमरी काढून पुसून बसवली, एकेक वायर तपासली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी फरशी पुसायला कॉम्प्युटर फिरवला तर पॉवर सप्लायच्या पाठीला एक छोटा स्विच दिसला. तो बंद होता. कुणी केला? विठोजीरावांनीच, पेटीतून काढल्या काढल्या. स्वल्प भ्यावं म्हणून.

तो चालू केला तर पंखा असा घोंगावला की विठोजीराव फाटकापर्यंत पळाले.

मग त्यांचा सराव सुरू झाला. जुना पंचा खुर्चीला बांधून पट्टा केला होता, तो कमरेला आवळल्याशिवाय ते स्टिअरिंगला हात लावत नसत. खेळातल्या रस्त्याला त्यांनी आपल्या रस्त्याची नावं दिली. हे वळण म्हणजे रिंग रोड, हा पूल म्हणजे हंपापुराच्या अलीकडचा. ते बैलगाडीच्या वेगानं बस चालवत. मागच्या खोट्या गाड्या खरे हॉर्न मारत आणि हे पडद्याला सॉरी म्हणत. एकदा त्यांनी एका स्कूटरवाल्याला उडवलं. मशीन बंद करून ते आमच्याकडे आले, चहा नको म्हणाले. त्याचं पुढं काय झालं ते खेळात दाखवतात का, असं विचारायला आले होते. मी म्हटलं, विठोजीराव, तो माणूस नाही, रंगीत ठिपके आहेत.

"असतील. पण भ्याला असंल की."

पुढच्या खेपेचा दिवस जवळ येत गेला तशी मला भीती वाटू लागली. मी भित्री नाही. पण खेळातला ट्रक अंगावर आला की या माणसाचे डोळे मिटतात, हे मी बघितलं होतं. टॅक्सीचा विषय मी पुन्हा काढला. दुसरा, सज्जन टॅक्सीवाला शोधू म्हटलं. त्यांनी मान हलवली. यमुनाक्का आता टॅक्सी हा शब्द काढला तरी फोन ठेवून देत होत्या.

त्या सकाळी मी कॉलेजात रजा टाकली आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले. सीटवर जुनी धोतरं पसरली होती, पायाशी बादली. फाटकाबाहेर गाडी काढायलाच इतका वेळ लागला की समोरच्या घरातले लोक चहा घेऊन गच्चीवर आले. रिंग रोड ओलांडेपर्यंत मी दाराची मूठ सोडली नाही. शहर संपल्यावर रस्ता मोकळा झाला. माझी भीती मात्र वाढली, कारण आता सगळे वेगात होते. उसानं भरलेल्या ट्रॅक्टरमागे आम्ही रांगत होतो, आमच्यामागे बस हॉर्नवर हात ठेवून होती. हंपापुराच्या अलीकडे समोरून एक लॉरी दुसऱ्या लॉरीला मागं टाकत सरळ आमच्यावर आली. मी डॅशबोर्ड धरला. त्यांचे डोळे मिटले का ते बघायचाही मला धीर झाला नाही. गाडी हळूच डावीकडं मातीत उतरली, थांबली, लॉरी गेली. विठोजीराव म्हणाले, "कॉम्प्युटरवर इथं मी चार वेळा मेलो," आणि इंडिकेटर देऊन पुन्हा रस्त्यावर आले.

कोट्यात पोचलो तर यमुनाक्का घरातल्या साडीत उंबऱ्यावर बसलेल्या. तयारी काही नाही. डोक्याला रुमाल बांधलेला, मनगटं काडीसारखी. म्हणाल्या, दोघं आलात, जेवून जा. मी येत नाही.

मी माझ्या पद्धतीनं बोलले. एवढ्या लांबून तुमचा भाऊ आलाय, औषध महत्त्वाचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी हे पुष्कळ लोकांकडून ऐकलेलं होतं, ते त्यांच्या नजरेत दिसत होतं.

विठोजीराव पायरीवर त्यांच्या खालच्या बाजूला बसले. दोन्ही हात पुढे करून त्यांनी बहिणीला दाखवले. बोटं थरथरत होती, थांबत नव्हती.

"हे बघ," ते म्हणाले. "घरापास्नं असंच हाय. आत्ता परत जाताना पण असंच असणार. तुला भ्या वाटतं ना, अक्का?"

त्या हळूच म्हणाल्या, "सुई लावतात तेव्हा न्हाई. परत येताना वाटतं. रस्त्यात कुणी उतरवून दिलं तर."

"गाडी आपली हाय. ओकलीस तर ओक, धुवायला मी हाय. भिऊ नको म्हणत न्हाई मी तुला. तू पण भी, मी पण भितो. दोघं भीत भीत जाऊ."

यमुनाक्कांनी त्यांचा एक हात आपल्या दोन्ही हातांत धरला, लहान मुलाचा धरावा तसा. तो हात थरथरतच होता. आता कुणाचा किती थरथरतोय ते कळत नव्हतं.

"हळू चालवशील?"

"दुसरं येतंय कुठं मला."

त्या उठल्या, आत जाऊन सासूच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि साडी बदलायला गेल्या. मी पुढच्या सीटवरची माझी पर्स उचलली आणि मागे जाऊन बसले.