उलटा फोन

मंथनने सकाळपासून ऑफिसच्या फोनवरून बेळगावातल्याच वडगावचा एक नंबर दोन-तीनदा अर्धा फिरवला आणि तितक्याच वेळा रिसीव्हर खाली ठेवला. नंबर मनिषाच्या घरचा होता. रविवारी तो आईवडिलांबरोबर तिला बघायला गेला होता. चहा झाला, चिवडा झाला, दोन्हीकडची माणसं एकमेकांना आवडली. निपाणीला घरी परतण्यासाठी बसमध्ये बसता बसता त्याची आई मालुबाई त्याला म्हणाली, "आपला होकारच हाय. पण लगीच सांगितलं तर किंमत राहत न्हाय. शुक्रवारी मी फोन करून सांगते. तोवर तू मधी तोंड घालू नकोस."

आज शुक्रवार होता. आईच्या आधी आपण फोन करणं बरं दिसणार नाही, एवढं मंथनला कळत होतं. पण तो नंबर डोक्यातून जाता जात नव्हता. चहाचा कप धुताना तो नंबर, चपला काढताना तो नंबर.

"मंथन, झालं का रे भरून?" आतून बुद्धप्रिय सरांनी विचारलं.

"होतच आलंय, सर."

बुद्धप्रिय सर बेळगावात 'मैत्रीनेट' नावाची इंटरनेटची कंपनी चालवत. तेव्हा मोबाइल मोजक्याच लोकांच्या कमरेला लटकत असे आणि इंटरनेट घरच्या टेलिफोनच्या तारेतून किंचाळत, खरखरत येत असे. ग्राहकाने कॉम्प्युटरवरून मैत्रीनेटला फोन लावायचा आणि इथल्या सर्व्हरने तो उचलून त्याला इंटरनेटवर सोडायचं, असा कारभार होता. त्या सर्व्हरसाठी बेंगळूरहून नवीन सॉफ्टवेअर आलं होतं. त्यात सोयी बऱ्याच होत्या, पण सर त्यातल्या एकीच्या प्रेमात पडले होते. तिचं नाव त्यांनी स्वतःच ठेवलं होतं, 'उलटा फोन'. ग्राहकाने नुसता फोन लावायचा. सर्व्हर त्याला ओळखून तो फोन कापणार आणि आपणहून त्याच्या घरी उलटा फोन करणार. म्हणजे बिल कंपनीवर. एकदा लागला नाही तर सर्व्हर दम न खाता पुन्हा पुन्हा लावत राहणार. सरांनी त्याच्या जाहिरातीचे गुलाबी कागद पेपरात घालून गावभर वाटले होते, 'तुम्ही फक्त हाक मारा, इंटरनेट तुमच्या घरी येईल.'

ग्राहकांचे फोननंबर सर्व्हरमध्ये भरायचं काम मंथनकडे होतं. बरेच नंबर अजून मिळायचे होते. अशा ग्राहकांसाठी सॉफ्टवेअरमध्ये एक वेगळी जागा होती. तिथे एकच नंबर घालायचा, मग त्या सगळ्यांचे उलटे फोन त्या एका नंबरवर येणार. "तिथं आपल्या ऑफिसचा घाल," सरांनी बजावलं होतं. "फोन इथं वाजला की आपल्याला कळेल कुणाचा नंबर घ्यायचा राहिलाय."

मंथनने त्या जागी नंबर घातला, नवीन सोय चालू केली आणि खुर्चीला टेकला. घातलेला नंबर मनिषाच्या घरचा आहे, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

दुपारपर्यंत ऑफिसचा फोन एकदाही वाजला नाही. बुद्धप्रिय सर खुश झाले. "बघ. म्हणजे सगळ्यांचे नंबर मिळाले. उगाच काळजी करत होतो."

तिकडे वडगावात मनिषाच्या वडिलांच्या, यमनाप्पांच्या घरी फोनची वाट पाहणं चालू होतं. पुढच्या खोलीत फोन, मागच्या खोलीत पॉवरलूम. मागाच्या खटखटीत घंटा ऐकू येत नाही म्हणून त्यांची बायको यल्लव्वा फोनजवळच भाजी निवडत बसली होती. फोन वाजला तशी ती ओरडली, "आवो, माग बंद करा. निपाणीचा आला."

यमनाप्पांनी माग थांबवला, हात पुसले, टोपी घातली आणि रिसीव्हर उचलून अदबीने म्हणाले, "नमस्कार." मग त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"शिट्टी मारली."

"कुणी?"

"ते काय कळलं न्हाय."

ते माग सुरू करतात तोच फोन पुन्हा वाजला. या वेळी यल्लव्वाने उचलला. आधी बारीक शिट्टी, मग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी खरखर. तिने "बोला की, विहीणबाई" म्हणून पाहिलं. खरखर वाढली. मग फोन वाजतच राहिला. दर वेळी माग थांबत होता, आणि माग मध्येच थांबला की कापडावर आडवी रेघ उमटते. दुपारपर्यंत मागावरची साडी रेघांनी भरून गेली.

माग सारखा बंद का पडतोय, हे बघायला शेजारचा शामू आला. शामूचा सुताचा व्यापार होता. गल्लीत कुणालाही इंग्रजी कागद आला तर तो शामूकडे जाई. त्याने आधी साडी पाहिली. "डिझाइन नवीन काढलासा व्हय? चालंल बघा ही." मग फोन वाजला, त्याने तो कानाला लावला आणि डोळे मिटून मान डोलावली.

"यमनाप्पा, ह्यो फॅक्स हाय."

"म्हंजे काय?"

"लिहिलेला कागद फोनातनं येतोय. तुमच्याकडं मशीन न्हाय, म्हणून नुसता आवाज यालाय. निपाणीची माणसं शिकलेली दिसत्यात. होकार लिहून धाडाय लागल्यात."

यल्लव्वाने पदर सावरला. तिच्या बहिणीच्या मुलीची सोयरीक नुसती तोंडी ठरली होती.

फॅक्सचं मशीन शामूच्या दुकानात होतं. दोघे स्कूटरवर गेले. येताना शामू पुढे आणि मागे यमनाप्पा, दोन्ही हातांनी मशीन पोटाशी धरून. त्यांनी ते फोनशेजारी मांडलं. यल्लव्वाने त्याला हळदकुंकू लावलं. तोवर गल्लीतल्या चार बायका दारात जमल्या होत्या.

फोन वाजला. मशीनने तो आपणहून उचलला. पलीकडून शिट्टी आली, इकडून मशीनने शिट्टी दिली. पलीकडून खरखर आली, इकडून गुरगुर झाली.

"बोलाय लागल्यात," शामू हळूच म्हणाला.

बोलणं बराच वेळ चाललं. मग मशीन गप्प झालं आणि त्यातून वीतभर कागद बाहेर आला. त्यावर एकच इंग्रजी ओळ होती. शामूने चष्मा लावून ती वाचली, पुन्हा वाचली आणि दारातल्या बायकांना म्हणाला, "तुम्ही जावा गं घरला."

"काय लिवलंय?" यमनाप्पांनी विचारलं.

"नो कनेक्शन. प्लीज ट्राय अगेन."

"मराठीत सांग."

"कनेक्शन म्हंजे संबंध. संबंध जुळत न्हाय." शामूने चष्मा काढला. "कृपया दुसरीकडं प्रयत्न करा."

यल्लव्वाने पदराने मशीनवरचं हळदकुंकू पुसून काढलं. यमनाप्पांनी कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली, सायकल काढली आणि मुलगा जिथे कामाला आहे म्हणून रविवारी सांगितलं होतं, तिकडे निघाले.

मैत्रीनेटमध्ये तोवर शांतता संपली होती. खानापूरच्या एका डॉक्टरांनी फोन करून सांगितलं होतं, "सकाळपासनं हाका मारतोय, इंटरनेट काय घरी आलं नाही." त्यांच्यामागून आणखी ग्राहक. सर नव्या सॉफ्टवेअरचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला बसले होते. मंथन मात्र वेगळ्याच काळजीत होता. नुकताच निपाणीहून आईचा फोन येऊन गेला होता.

"त्यांचा फोन सकाळधरनं एंगेज हाय. काढून ठेवलाय बघ मुद्दाम," मालुबाई म्हणाली होती. "न्हाय म्हणायचं धाडस नसलं की लोकं आसं करत्यात. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मंथनने मनाला लावून घेतलं होतं. तेवढ्यात दारात यमनाप्पा उभे राहिले, घामाने भिजलेले. मंथन गडबडीने उठला. "बसा की, मामा."

"बसाय आलो न्हाय. आमची पोरगी पसंत न्हवती तर तोंडानं सांगायचं हुतं. आमी काय भांडाय आलो असतो व्हय? मशीनकडनं कशाला सांगितलासा?"

"मामा, फोन तुम्हीच काढून ठेवलाय. आई दिसभर लावाय लागलीया."

"आमी कशाला काढून ठिवू? फोन वाजून वाजून माझा माग बंद पडलाय." यमनाप्पांनी घडी उलगडून कागद टेबलावर ठेवला.

मंथनने ओळ वाचली. त्याला अर्थ लागेना. बुद्धप्रिय सर पुस्तक ठेवून बाहेर आले, त्यांनीही ओळ वाचली. मग त्यांनी सर्व्हरकडे पाहिलं. त्याचे सगळे दिवे गणपतीच्या मंडपासारखे लुकलुकत होते.

"काका," सर सावकाश म्हणाले, "तुमच्या घरचा फोन नंबर सांगता?"

यमनाप्पा आठवून एकेक आकडा सांगू लागले. मध्येच अडखळले, तर पुढचे आकडे मंथनने सांगून टाकले.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुला यांचा नंबर पाठ आहे?"

"व्हय, सर."

"आणि आपल्या ऑफिसचा?"

मंथन विचार करू लागला. विचार करता करता त्याचा चेहरा पांढरा पडला. सरांनी आत जाऊन सर्व्हरचं बटण बंद केलं. दिवे विझले.

उलटा फोन काय आणि जोडणी न जमल्यावर फॅक्सच्या मशीनने आपणहून छापलेली ती ओळ काय, हे सगळं यमनाप्पांना समजावून सांगायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते मंथनकडे रोखून बघत म्हणाले, "म्हंजे सकाळपासनं आमच्या घरला तुम्हीच फोन करालतासा?"

"मी न्हाय, मामा. सर्व्हर."

"पर नंबर तुमच्याच डोक्यातला न्हवं?"

मंथनने खुर्ची पुढे सरकवली. यमनाप्पांनी टोपी काढली, ती ओढून घेतली आणि बसले. "चहा सांगा," ते म्हणाले.

सर्व्हर बंद पडताच वडगावचा फोन मोकळा झाला, आणि निपाणीत दिवसभर हात दुखेस्तोवर नंबर फिरवणाऱ्या मालुबाईंना तो लागला. यल्लव्वाने मशीनची वायर केव्हाच उपटून टाकली होती. मनिषा नुकतीच कॉम्प्युटरच्या क्लासहून आली होती आणि आईकडून सगळी हकिकत ऐकत होती. शिट्टी कशी होती, खरखर कशी होती, हे तिने आईकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं होतं. क्लासात इंटरनेट लावताना तोच आवाज ती रोज ऐकत होती, आणि मैत्रीनेटचा गुलाबी कागदही तिने वाचला होता. कारण विचारलं तर नुसती हसत होती.

"विहीणबाई, आमचा होकार हाय," फोनवर मालुबाई म्हणाल्या.

यल्लव्वाने कमरेवर हात ठेवला. "आता आमाला नको. संबंध जुळत न्हाय म्हणून लिहून धाडलासा, आन् आता गोड बोलतासा?"

"मी लिहून धाडलं? आवो, मला सहीच्या पुढं लिवाय येत न्हाय."

"इंग्रजीत धाडलासा."

मनिषाने आईच्या हातातून रिसीव्हर घेतला. "मावशी, मी मनिषा. कुणाचीबी चूक न्हाय यात. म्हंजे, तुमच्या मुलाची हाय."

"त्यानं काय केलं?"

"त्यांच्या कंपनीच्या सर्व्हरात आमच्या घरचा नंबर घातलाय. जगातलं सगळं इंटरनेट आमच्याकडं यालंय."

"कशाला घातला?"

"ते मला काय ठावं?"

"ल्हानपणापासनं आसंच हाय ते," मालुबाई म्हणाल्या. "साखर आणाय धाडलं तर मनात काय आसंल ते मागून येतंय."

"मावशी, रविवारी सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं. मला कोण विचारलं न्हाय, आन् मीबी विचारलं न्हाय. आता विचारू?"

यल्लव्वाने डोळे वटारले. मनिषाने पाठ फिरवली.

"विचार की," मालुबाई म्हणाल्या.

"लगीन झाल्यावर मी नोकरी करणार. कॉम्प्युटरची. चालंल?"

"कर बाई. त्यानं भरलेलं नंबर कोण तरी तपासाय पायजेच हाय."

"मग माझाबी होकार हाय," मनिषा म्हणाली आणि रिसीव्हर आईच्या हातात दिला.

दिवेलागणीला यमनाप्पा हातात कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन आले. सायकल लावता लावता त्यांनी दारातूनच सांगितलं, "यल्लव्वा, सोयरीक जुळवून आलो."

"ती कवाच जुळली," यल्लव्वा म्हणाली. "गल्लीत साखर वाटून झाली. हातपाय धुवा."

लग्न वैशाखात झालं. त्यानंतर मनिषा एकदा मंथनचा डबा द्यायला ऑफिसात आली आणि सर्व्हरसमोर बसून तिने सरांशी तासभर गप्पा मारल्या. पुढच्या सोमवारपासून सर्व्हर तिच्या ताब्यात गेला. तिने सगळ्या ग्राहकांचे नंबर नव्याने भरले, उलटा फोन पुन्हा सुरू केला, आणि तो ज्याच्या त्याच्याच घरी वाजू लागला. मंथनला सरांनी तारा, पक्कड आणि एक जुनी स्कूटर देऊन बाहेरच्या कामावर घातलं. वडगावपासून गुंजी-लोंढ्यापर्यंत जिथे कुठे खरखर होईल तिथे त्याने जायचं.

कुणाची तक्रार आली की मनिषा शांतपणे ऐकून घेते, पत्ता विचारते आणि म्हणते, "काळजी करू नका. माझा माणूस पाठवते."

आणि मंथन स्कूटरला किक मारतो.